हिरवं ठिगळ

वारा पडायची वाट बघत तीन पहाटा गेल्या.
चौथ्या दिवशी पोपलरचं एक पानही हललं नाही,
तेव्हा डिओस्दादो म्हणाला, आता.

चौदा कमानी आधीच उभ्या होत्या कापलेल्या गव्हाच्या रानात,
प्रचंड जनावराच्या बरगड्यांसारख्या.
शेजारी कापड घडी घालून निजलेलं.
पोटॅशच्या खाणीवरून आलं होतं ते, आणि त्याआधी
रस्त्यावर टाकायचं मीठ त्यानं सांभाळलं अकरा हिवाळे.
पत्र्याची शेड मिठानं कधीच खाल्ली असती,
कापडाला मीठ लागत नाही —
ओरेस्ट, माझा भाऊ, भाव करताना हे चारदा ऐकून आला
आणि मला पाचव्यांदा सांगत होता.

कमानींवरून दोर फेकले. दर दोराला दोन माणसं:
कॉलनीवरची हटराइट पोरं, शाळेची बस चालवणारी ग्वेनिथ,
आणि एल्डन. कुंपणावरून आमचं त्याच्याशी बोलणं बंद होतं.
हातमोजे घालून आला तो. कुणी बोलावलं, मी विचारलं नाही.

सारखं ओढा. सारखं.
डिओस्दादोचा बाप शिडाच्या होडीवर होता म्हणे,
तो कापडाशी हळू आवाजात बोलतो.
कापड चढलं, कण्यावर क्षणभर थांबलं,
आणि नेमकी तेव्हाच वाऱ्याला जाग आली.

फुगलं.
आख्खं रान उचलून न्यावं असं फुगलं.
ग्वेनिथ दोरासकट फरफटत चार पावलं गेली,
एल्डन सरळ खालीच बसला, टाचा मातीत रोवून,
आणि असल्या शिव्या घातल्या वाऱ्याला
की हटराइट पोरांनी नजर फिरवली. हात सोडले नाहीत.

दुपारी शेवटचा पट्टा आवळून झाला.
बोटानं टिचकी मारली तर ढोलासारखं वाजायचं.
ढिलं फाटतं, डिओस्दादो म्हणाला, ताणलेलं टिकतं.
असेल. कापडाचं असेल.
आईचं उलटं झालं होतं.

नोव्हेंबरात कर आकारणारा आला, वही काखेत.
याचा पाया कुठाय?
नाहीये, म्हटलं. काँक्रीटचे ठोकळे आहेत,
जमिनीत पिळून घातलेले लांब स्क्रू आहेत.
उद्या काढलं तर पुढच्या उन्हाळ्यात इथे गवत.
मग काय लिहू?
पाया नाही, पण पाय आहेत, ओरेस्ट म्हणाला.
त्यानं ठोकळ्याला एक लाथ घालून पाहिली,
पेनाचं टोक चावलं, आणि लिहिलं: तात्पुरतं.
आजोबा इथे आले तेही तात्पुरतेच,
असं ते मरेपर्यंत सांगायचे.

फेब्रुवारी. उणे छत्तीस.
गाई विणार त्या नेमक्या अशाच दिवशी.
बाहेरचं ऊन नुसतं नावाला,
आत मात्र दूध सांडल्यासारखा उजेड,
दिवसभर एकही दिवा लावत नाही आम्ही.
बर्फ साचतो, साचतो, आणि मग
एक लांबलचक श्वास सोडल्यासारखा घसरून जातो.
पहिल्यांदा गाई दचकायच्या. आता कानही हलवत नाहीत.

आणि ते ठिगळ.
मिठाच्या गोदामात कुठल्याशा यंत्राच्या दातानं फाडलेलं,
कुणीतरी ट्रकची हिरवी ताडपत्री लावून शिवलेलं.
आतून, शिवणीलगत, मार्करनं लिहिलंय:
ओडेट. चौदा मार्च. चूक माझी होती.

आभाळ फाटलं तर ठिगळ कुठे कुठे लावणार, म्हणतात.
हिनं जिथे फाटलं तिथे लावलं.

दहाच्या सुमारास हिरवा चौकोन जमिनीवर उतरतो,
पेंढ्यावरून, बादलीवरून, माझ्या बुटांवरून चालत राहतो.
काल तो एका ओल्या वासरावर आला.
आई चाटत होती, कानांतून वाफ निघत होती,
हिरवं वासरू पुढचे पाय फाकवून उठलं,
आपटलं, पुन्हा उठलं.

मी ओरेस्टला हाक मारली. तो येईपर्यंत
उजेड सरकला होता, शेणाच्या ढिगावर,
आणि वासरू तांबडं होतं, नेहमीसारखं.